‘आढळले नाही’ ह्या वाक्याचा अर्थ : दूषित मातीतील विषद्रव्यांच्या निष्कर्षणाच्या पद्धती

एखाद्या जागेतील मातीची तपासणी होते, यथावकाश प्रयोगशाळेचा अहवाल येतो, आणि त्यातील एका रकान्यात ‘आढळले नाही’ एवढे दोनच शब्द लिहिलेले असतात. त्या जागेवर राहणारा मनुष्य त्यांचा अर्थ ‘नाही’ असा करतो. अहवाल लिहिणाऱ्या रसायनज्ञाला मात्र तो अर्थ अभिप्रेत नसतो. एकाच वाक्याचे हे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात, आणि पुष्कळदा त्यांतील पहिल्याच अर्थावर विहीर खणावी की न खणावी, मुलांना अंगणात खेळू द्यावे की न द्यावे, असले निर्णय घेतले जातात. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाविज्ञान आहे, रसायनशास्त्र नव्हे. तथापि ह्या वाक्याचा अर्थ लावू जाता असे दिसून आले की, तो कोशात सापडत नाही. तो प्रयोगशाळेत माती कोणत्या द्रवात, किती वेळ व किती तापमानास ठेवली ह्यावर अवलंबून असतो. म्हणून त्या पद्धतींचा परिचय करून देणे हाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी क्रियापदाचेच पाहू. मराठीत ‘आढळणे’ हे क्रियापद ज्याला काही आढळते त्याची चतुर्थी अपेक्षिते : ‘मला वाटेत एक नाणे आढळले.’ अहवालाच्या भाषेत हे ‘मला’ गळून पडते व ‘मातीत पारा आढळला नाही’ असे निर्वैयक्तिक वाक्य उरते. चतुर्थी गेली की तिच्याबरोबर शोधणारा गेला, त्याची साधने गेली आणि त्याच्या दृष्टीची मर्यादाही गेली. उरले ते जणू मातीविषयीचे विधान. वास्तविक ते शोधणाऱ्याविषयीचे विधान असते. पुढील विवेचनाचा सारा रोख ही गळालेली चतुर्थी पुन्हा वाक्यात आणण्याकडे आहे.

एक उदाहरण

विवेचन अधांतरी राहू नये म्हणून एक जागा डोळ्यांपुढे ठेवू. भोपाळ येथील युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यात १९८४ च्या डिसेंबरमधील २ व ३ तारखांच्या दरम्यानच्या रात्री मेथिल आयसोसायनेट वायूची गळती झाली. ती दुर्घटना सर्वांस ठाऊक आहे. त्या मानाने कमी बोलले जाते ते कारखान्याच्या आवारात मागे राहिलेल्या मातीविषयी. तेथील मातीच्या वेळोवेळी झालेल्या तपासण्यांत कार्बारिल हे कीटकनाशक, हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेनचे समघटक (ह्यांपैकी गॅमा समघटक म्हणजेच लिंडेन), क्लोरिनयुक्त बेंझिने आणि पारा ह्यांचा उल्लेख येतो. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था ह्यांनी २०१० मध्ये जो अंदाज दिला त्यानुसार उपचार आवश्यक असलेली माती सुमारे ११ लाख टन भरते. आवारात बांधून ठेवलेला सुमारे ३३७ टन कचरा २०२५ च्या जानेवारीत पीथमपूर येथे नेण्यात आला व त्याच वर्षी जूनअखेर तो जाळण्याचे काम पुरे झाले. ३३७ आणि ११ लाख ह्या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजेच मातीचा प्रश्न होय.

वरील यादीतील द्रव्यांचे स्वभाव परस्परांहून अगदी भिन्न आहेत. लिंडेन पाण्यात फारच थोडे विरघळते. कार्बारिल उष्णतेने व अल्कांनी विघटन पावते. पारा सामान्य तापमानासही बाष्परूपाने उडतो. ह्या तिघांना एकाच पद्धतीने मातीतून बाहेर काढणे शक्य नाही. ‘मातीची तपासणी केली’ हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. कोणत्या द्रव्यासाठी केली, हे विचारलेच पाहिजे.

निष्कर्षणापूर्वीचे निर्णय

विषद्रव्य मातीतून वेगळे करण्याच्या क्रियेस निष्कर्षण म्हणतात. परंतु पहिली चूक पुष्कळदा त्यापूर्वीच होऊन जाते. प्रयोगशाळेतील एका निष्कर्षणास साधारणपणे १० ग्रॅम माती घेतात. ११ लाख टनांशी तिचे प्रमाण काढले तर ते ११ हजार कोटींत एक असे येते. अर्थात नमुना एकच घेत नाहीत. आवाराची जाळीसारखी आखणी करून निरनिराळ्या ठिकाणी व निरनिराळ्या खोलींवर नमुने घेतात, त्यांतील काही एकत्र करतात, मग ढीग पसरून त्याचे चार भाग करावयाचे, समोरासमोरचे दोन ठेवावयाचे व दोन टाकावयाचे, अशा रीतीने तो कमी करीत आणतात. एकत्र केलेला नमुना सरासरी दाखवितो. पण जेथे विष एका कोपऱ्यात साठलेले आहे तेथे ही सरासरीच ते झाकून टाकते. पाऱ्याच्या बाबतीत तर एखादा सूक्ष्म थेंब १० ग्रॅमांत आला की आकडा एकदम चढतो, आणि न आला की शेजारचाच नमुना निर्मळ ठरतो.

यानंतर माती वाळवून २ मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीतून चाळण्याची रीत आहे. शेतीच्या मातीस ती योग्यच होय. परंतु भट्टीत वाळविलेल्या मातीतून पारा व बाष्पनशील द्रव्ये अगोदरच निघून गेलेली असतात. म्हणून अशा द्रव्यांसाठी माती ओलीच तोलतात, तिची आर्द्रता वेगळ्या भागावर मोजतात व उत्तर कोरड्या वजनावर हिशेबाने आणतात. बेंझिनासारख्या अतिबाष्पनशील द्रव्यांकरिता तर जागेवरच मातीचा गोळा मेथॅनॉलच्या बाटलीत बुडवून ती घट्ट बंद करावी लागते. सेंद्रिय विषांसाठी प्लॅस्टिकची पिशवी चालत नाही. काचेची बरणी लागते, कारण प्लॅस्टिक काही द्रव्ये स्वतः शोषून घेते व स्वतःमधील काही मातीस देते.

विष मातीला कसे धरून राहते

माती म्हणजे केवळ कणांचा ढीग नव्हे. तीत चिकणमातीचे अतिसूक्ष्म पत्रे आहेत, लोह व मँगनीज ह्यांच्या ऑक्साइडांची पुटे आहेत, आणि कुजलेल्या वनस्पतींपासून झालेला ह्यूमस आहे. चिकणमातीच्या पत्र्यांवर ऋण विद्युत्‌भार असल्यामुळे शिशासारख्या धातूंचे धन आयन त्यांना चिकटतात. लिंडेनासारखी जलविरोधी द्रव्ये मात्र ह्यूमसमध्ये शिरतात. पाण्यापेक्षा त्यांना तेथे अधिक अनुकूल स्थान मिळते.

येथे काळाचाही विचार करावा लागतो. मातीत नुकतेच पडलेले द्रव्य कणांच्या पृष्ठभागावर असते व सहज सुटते. वर्षे लोटली की ते सूक्ष्म छिद्रांत आणि ह्यूमसच्या घट्ट भागांत सावकाश विसरित होत जाते. ह्या क्रियेला मुरणे हा आपला घरगुती शब्द चपखल बसतो : लोणच्याच्या फोडीवर वरून घातलेले मीठ धुऊन काढता येते, मुरलेले काढता येत नाही. भोपाळसारख्या जागी विष काही दशके मुरलेले आहे. त्यास बाहेर काढणारी पद्धती जितकी सौम्य, तितके ते कमी ‘आढळणार’.

सॉक्सलेटचे पात्र

सेंद्रिय विषांच्या निष्कर्षणाची आदर्श मानली गेलेली पद्धती फ्रांट्स फॉन सॉक्सलेट ह्या जर्मन कृषिरसायनज्ञाने १८७९ मध्ये वर्णिलेल्या उपकरणावर आधारलेली आहे. त्याने ते दुधातील स्निग्धांश मोजण्यासाठी योजले होते. आज त्याच काचपात्रात दूषित माती घालतात.

त्याची रचना अशी : खाली चंबूत विद्रावक उकळत असतो. त्याची वाफ बाजूच्या नळीने वर चढते, वरच्या शीतकात थंड होते आणि थेंबथेंब मधल्या कोठीत पडते. ह्या कोठीत जाड गाळणकागदाच्या टोपणीमध्ये माती ठेवलेली असते. ती कोरडी व सुटी राहावी म्हणून तीत तितकेच निर्जल सोडियम सल्फेट मिसळलेले असते. कोठी ठरावीक पातळीपर्यंत भरली की बाजूच्या वक्रनलिकेतून सारा द्रव एकदम खाली चंबूत उतरतो, आणि त्याबरोबर मातीतून सुटलेले विषही उतरते. चंबूतून पुन्हा केवळ शुद्ध विद्रावकाचीच वाफ वर जाते. विष खालीच राहते. अशा तासाला ४ ते ६ फेऱ्या १६ ते २४ तास चालू ठेवतात. म्हणजे माती कमीत कमी ६४ व अधिकात अधिक १४४ वेळा ताज्या विद्रावकाने धुतली जाते. एकाच पाण्यात कपडा घोळण्यापेक्षा वारंवार नव्या पाण्यात पिळणे अधिक परिणामकारक ठरते, हेच तत्त्व येथे आहे.

विद्रावक म्हणून ॲसिटोन व हेक्सेन समभाग घेण्याचा प्रघात आहे. त्यामागील युक्ती समजून घेण्यासारखी आहे. लिंडेन हेक्सेनमध्ये विरघळते खरे, परंतु हेक्सेन पाण्यात मिसळत नसल्यामुळे मातीच्या ओल्या छिद्रांत त्याचा प्रवेश होत नाही. ॲसिटोन पाण्यात व हेक्सेनमध्येही मिसळते. ते दार उघडते व हेक्सेन आत जाते.

ही पद्धती विश्वसनीय असली तरी सर्वोपयोगी नाही. कार्बारिल हे उष्णतेने आणि अल्कधर्मी माध्यमात लवकर फुटून त्याचे १-नॅफ्थॉल बनते. वायु-वर्णलेखनाच्या तप्त नलिकेतही त्याचे असेच विघटन होते. म्हणून कार्बारिलासाठी सौम्य तापमानास निष्कर्षण करून उच्चक्षमता द्रव-वर्णलेखनाने मापन करणे इष्ट ठरते. हे न पाळता, कठोर पद्धती वापरून कोणी ‘कार्बारिल आढळले नाही’ असे लिहिले, तर ते वाक्य खोटे नसते; पण कार्बारिल मातीत होते व शोधणाऱ्याच्याच हातून नाहीसे झाले, ही गोष्ट त्यात दडलेली राहते.

वेग व विद्रावक यांची काटकसर

सॉक्सलेट पद्धतीस एक अख्खा दिवस व पुष्कळ विद्रावक लागतो. हे दोन्ही वाचविण्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक पद्धती पुढे आल्या. श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या पद्धतीत विद्रावकात असंख्य सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन फुटतात व मातीचे कण झडझडून निघतात. काम काही मिनिटांत होते, परंतु मुरलेले द्रव्य अपुरे निघण्याचा संभव असतो. दाबयुक्त पद्धतीत माती पोलादी नळीत भरून सुमारे १०० अंश सेल्सिअस तापमानास व सुमारे १०० वातावरणे इतक्या दाबाखाली विद्रावकात ठेवतात. ॲसिटोन एरवी ५६ अंशांवर उकळते; दाबामुळे ते १०० अंशांसही द्रवरूप राहते व छिद्रांत अधिक वेगाने शिरते. सूक्ष्मतरंगांच्या पद्धतीत बंद पात्रातील विद्रावक आतूनच तापतो. ह्यासाठीही ॲसिटोन लागते, कारण निव्वळ हेक्सेन सूक्ष्मतरंग जवळजवळ शोषीत नाही.

कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांवर व सुमारे ७३ वातावरणांच्या दाबापलीकडे नेला असता ना धड वायू, ना धड द्रव, अशा अतिक्रांतिक अवस्थेत जातो. त्या अवस्थेत तो वायूसारखा छिद्रांत शिरतो व द्रवासारखा विरघळवितो. दाब काढताच उडून जातो व मागे विषारी विद्रावक उरत नाही. अलीकडे २००३ मध्ये फळे व भाजीपाला ह्यांतील कीटकनाशकांसाठी मांडण्यात आलेली क्वेचर्स ही पद्धती मातीसाठीही वापरली जाते. तीत ॲसिटोनायट्राइल घालून नमुना हलवितात व मॅग्नेशियम सल्फेट आणि मीठ टाकून पाण्याचा थर वेगळा करतात. कोरड्या मातीस मात्र आधी पाणी घालून भिजवावे लागते.

जी पद्धती विष काढते ती इतरही बरेच काही काढते. ह्यूमसमधील रंगद्रव्ये, मेणे व गंधक हीही विद्रावकात उतरतात. म्हणून निष्कर्ष सिलिकासारख्या अधिशोषकाच्या स्तंभातून गाळून शुद्ध करतात. गंधक तांब्याच्या चूर्णाने काढून टाकतात. शुद्धीकरणाच्या प्रत्येक पायरीवर थोडे विषही गळते.

किती परत मिळाले?

हा ऱ्हास मोजण्यासाठी रसायनज्ञांनी एक प्रामाणिक उपाय योजिला आहे. मातीच्या एका भागात ज्ञात प्रमाणात विष मुद्दाम मिसळावयाचे, साऱ्या पायऱ्या पार पाडावयाच्या आणि शेवटी त्यातील किती शेकडा परत मिळाले ते पाहावयाचे. ह्यास प्रत्यानयन म्हणता येईल. त्याचबरोबर मातीविना कोरा प्रयोग करतात, म्हणजे काचपात्रे व विद्रावक ह्यांतूनच काही येत नाही ना, हे कळते. प्रमाणित संदर्भ-मातीही मिळते. तिच्यातील द्रव्यांचे प्रमाण अनेक प्रयोगशाळांनी मिळून निश्चित केलेले असते.

परंतु प्रत्यानयनाच्या आकड्यालाही भाषेचा प्रश्न चिकटलेला आहे. मुद्दाम मिसळलेले विष हे कालचे पाहुणे असते. मातीतील विष हे पिढ्यांचे रहिवासी असते. पाहुणा उठून लगेच निघतो. रहिवाशाचे तसे नाही. नव्याने मिसळलेल्या लिंडेनापैकी ९० टक्के परत मिळाले, ह्यावरून मुरलेल्या लिंडेनापैकीही ९० टक्के निघाले असा निष्कर्ष काढता येत नाही. संदर्भ-माती खऱ्या दूषित जागेवरील असली तरच ही उणीव काही अंशी भरून निघते.

धातूंच्या बाबतीत ‘एकूण’

धातूंचे विघटन होत नाही. ते विरघळवावे लागतात. त्यासाठी हायड्रोक्लोरिक व नायट्रिक अम्ले ३:१ प्रमाणात मिसळून केलेल्या अम्लराजात माती तापवितात. ह्यास निष्कर्षणाऐवजी पाचन म्हणणे अधिक योग्य. पाऱ्यासाठी तापमान जपावे लागते. पाचनानंतर स्टॅनस क्लोराइडने त्याचे धातुरूप पाऱ्यात क्षपण करून त्याची बाष्प २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजतात.

अम्लराज सोने विरघळविते, परंतु मातीतील सिलिकेट खनिजांची चौकट ते पुरती मोडत नाही. त्यासाठी हायड्रोफ्लुओरिक अम्ल लागते. म्हणजे अम्लराजाने मिळालेला ‘एकूण’ धातू हा वस्तुतः एकूण नव्हे. बहुतेक प्रदूषण कणांच्या पृष्ठभागी असल्यामुळे व्यवहारात हा फरक चालून जातो. पण मग शब्द तरी ‘अम्लराजात विद्राव्य’ असा लिहावा. क्रोमियमच्या बाबतीत तर ‘एकूण’ हा शब्द अनर्थकारक ठरू शकतो. त्रिसंयुजी क्रोमियम तुलनेने निरुपद्रवी आहे, षट्संयुजी क्रोमियम कर्कजनक आहे. आणि अम्लात तापविताच मातीतील सेंद्रिय द्रव्ये षट्संयुजीचे त्रिसंयुजीत रूपांतर करतात. म्हणून षट्संयुजीसाठी सोडियम कार्बोनेट व सोडियम हायड्रॉक्साइड ह्यांच्या अल्कधर्मी द्रावणात ९० ते ९५ अंशांवर तासभर माती तापविण्याची वेगळी पद्धती आहे. अम्लाने दोन्ही एकच होतात. अल्काने ती वेगळी राहतात.

धातू मातीच्या कोणत्या घटकाशी बद्ध आहे हे जाणण्यासाठी १९७९ मध्ये तेसिए व त्याच्या सहकाऱ्यांनी क्रमवार निष्कर्षणाची पद्धती मांडली. त्याच मातीवर एकामागून एक अधिकाधिक तीव्र द्रावणांचा प्रयोग करावयाचा : प्रथम मॅग्नेशियम क्लोराइड, मग सोडियम ॲसिटेट, मग हायड्रॉक्सिलामीन, मग हायड्रोजन पेरॉक्साइड व शेवटी तीव्र अम्ले. ह्यांतून मिळणाऱ्या पाच अंशांना अनुक्रमे विनिमेय, कार्बोनेट-बद्ध, लोह-मँगनीज ऑक्साइड-बद्ध, सेंद्रिय-बद्ध व अवशिष्ट अशी नावे देण्यात आली. हे नामकरण भाषेच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटेल. हायड्रोजन पेरॉक्साइडाला सेंद्रिय पदार्थ आणि सल्फाइड ह्यांतील भेद कळत नाही. ते दोहोंचे ऑक्सिडीकरण करते. शिवाय एका पायरीत सुटलेला धातू द्रव गाळण्यापूर्वीच दुसऱ्या घटकास जाऊन चिकटू शकतो. तेव्हा ‘सेंद्रिय-बद्ध’ हे नाव म्हणजे अनुमान आहे. ‘पेरॉक्साइडाने सुटलेला’ हे निरीक्षण आहे. अनुमानाला निरीक्षणाचा पोशाख चढविण्याची खोड भाषेला जुनी आहे.

पाऊस व पोट यांचे अनुकरण

आतापर्यंतच्या पद्धतींचा प्रश्न ‘मातीत किती आहे’ असा होता. दुसऱ्या काही पद्धती ‘त्यातील किती बाहेर पडेल’ असे विचारतात. पाण्याबरोबर द्रव्य झिरपून जाण्यास निक्षालन म्हणतात. अमेरिकेत १९९० पासून विहित असलेल्या निक्षालन-कसोटीत १०० ग्रॅम कचरा २० पट वजनाच्या सौम्य ॲसिटिक अम्लात, मिनिटास ३० फेऱ्या ह्या वेगाने, १८ तास उलथापालथ करीत ठेवतात. शहराच्या कचराभूमीत कुजणाऱ्या अन्नापासून जे अम्ल निर्माण होते त्याची ही नक्कल आहे. बाहेर पडलेल्या द्रवात पारा लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम वा लिंडेन ०.४ मिलिग्रॅम भरले, तर कचरा घातक ठरतो.

ह्यातील गणित लक्षात घेण्यासारखे आहे. द्रव मातीच्या २० पट असल्यामुळे, सारेच्या सारे लिंडेन सुटले असे मानले तरी किलोग्रॅममागे ८ मिलिग्रॅमपेक्षा कमी लिंडेन असलेली माती ह्या कसोटीत कधीच अनुत्तीर्ण होणार नाही. आणि लिंडेन तर पाण्याला सोडून ह्यूमसला धरून राहणारे द्रव्य. म्हणून त्याहून कितीतरी अधिक लिंडेन असलेली मातीही उत्तीर्ण होईल. ‘कसोटीस उतरली’ ह्याचा अर्थ ‘कचराभूमीत पुरली असता भूजलात फारसे उतरणार नाही’ एवढाच होतो. त्या मातीत खेळणाऱ्या, बोटे तोंडात घालणाऱ्या मुलाविषयी ती कसोटी काहीच सांगत नाही.

त्या मुलासाठी आणखी निराळी पद्धती आहे. शिशाच्या बाबतीत १५० मायक्रोमीटरहून बारीक, म्हणजे हाताला चिकटणारी, १ ग्रॅम माती १०० मिलिलिटर ग्लायसीनच्या द्रावणात घेतात. त्याचे पीएच मूल्य १.५ व तापमान ३७ अंश ठेवतात, आणि तासभर ते फिरवितात. जठरातील अम्लतेची व उष्णतेची ही नक्कल होय. सॉक्सलेटच्या पात्रात दुधाची चरबी, निक्षालन-कसोटीत शहराचा कचरा, येथे मुलाचे पोट : प्रत्येक पद्धतीच्या मुळाशी एक विशिष्ट प्रश्न आहे, आणि तिचे उत्तर त्याच प्रश्नाचे उत्तर असते.

अहवालाची भाषा

आता मूळ वाक्याकडे वळू. ‘आढळले नाही’ ह्याच्या पोटात निदान चार शक्यता आहेत. द्रव्य मातीत नसेल. असेल, पण घेतलेल्या १० ग्रॅमांत आले नसेल. आले असेल, पण निष्कर्षणात सुटले नसेल किंवा विघटन पावले असेल. अथवा सुटले असेल, पण उपकरणाच्या शोधमर्यादेपेक्षा कमी भरले असेल. ह्यांपैकी कोणती शक्यता उरते हे वाचकाने ठरवावयाचे असेल, तर अहवालाने त्यास साधन दिले पाहिजे.

ह्यासाठी तीन गोष्टी मराठीत सहज करता येण्यासारख्या आहेत. पहिली, पारिभाषिक शब्दांत शिस्त : सेंद्रिय विद्रावकाने काढणे ते निष्कर्षण, अम्लात विरघळविणे ते पाचन, पाण्याच्या नकलेने झिरपविणे ते निक्षालन. तिन्हींना ‘अर्क काढणे’ म्हटले की तीन निरनिराळे आकडे एकाच स्तंभात जाऊन बसतात. दुसरी, नावात अनुमानाऐवजी क्रिया : ‘एकूण’ऐवजी ‘अम्लराजात विद्राव्य’. तिसरी, गळालेल्या चतुर्थीची पुनःस्थापना. नमुन्यादाखल एक काल्पनिक वाक्य देतो : ‘० ते १५ सेंटिमीटर खोलीवरील मातीचे १० ग्रॅम, ॲसिटोन-हेक्सेन समभागात १८ तास सॉक्सलेट पद्धतीने निष्कर्षण करून तपासले असता, किलोग्रॅममागे ०.०१ मिलिग्रॅम ह्या शोधमर्यादेपर्यंत लिंडेन आम्हांस आढळले नाही. मिसळलेल्या लिंडेनापैकी ८५ टक्के परत मिळाले.’

वाक्य लांबले, हे खरे. परंतु त्यात जागा आहे, खोली आहे, पद्धती आहे, मर्यादा आहे, आणि ‘आम्हांस’ आहे. हे वाक्य वाचणारा ग्रामसेवक किंवा शाळेचा मुख्याध्यापक पुढचा प्रश्न विचारू शकतो : ३० सेंटिमीटरांवर काय? कार्बारिलाचे काय? पाऱ्यासाठी माती ओली घेतली होती काय? ‘आढळले नाही’ एवढ्याच वाक्यापुढे मात्र त्यास प्रश्न सुचत नाही, कारण ते वाक्य उत्तरासारखे दिसते. मातीतील विष बाहेर काढण्याचे काम रसायनज्ञांचे आहे. त्या कामाच्या वर्णनात जे दडून बसते ते बाहेर काढणे हे भाषेच्या अभ्यासकांच्या वाट्याचे काम आहे, आणि ते अंगावर घेण्यास आपल्या विभागांनी संकोच करू नये.